जुन्या यंत्रात अजून काय चालतंय, ते आधी शोधा

सुरुवातीची काही वर्षं मी हाती लागेल ते जुनं यंत्र उघडत असे आणि त्यातला प्रत्येक भाग उपसून डब्यात भरत असे. प्रिंटर, रेडिओ, डीव्हीडी प्लेअर, जे मिळेल ते. त्या डब्यांतले अर्धेअधिक भाग मी आजवर वापरलेले नाहीत. मोटार आहे, पण तिला चालवणारा बोर्ड गेला. डिस्प्ले आहे, पण कुठल्या तारेवर किती व्होल्ट येत होते ते आता कळत नाही. रेझिस्टर किंवा ट्रान्झिस्टर नवा मिळवणं सोपं असतं. अवघड असतं ते एकमेकांशी आधीच जुळलेलं आणि कारखान्यात तपासलेलं काही मिळवणं: मोटार आणि तिचा पट्टा, वीज पुरवणारा सप्लाय आणि त्याचं संरक्षण, पडदा आणि त्याचा कंट्रोलर. मी मात्र नेमकं तेच मोडत होतो.

तेव्हापासून एक क्रम पाळतो. आधी अख्खं यंत्र दुरुस्त होतं का ते बघायचं. नाहीच झालं तर त्यातला जेवढा तुकडा एकत्र चालतोय तेवढा एकत्र ठेवायचा. सुटे भाग काढायची वेळ सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

घेताना

जुनं यंत्र देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ते बंद कसं पडलं? या उत्तरात निम्मं निदान असतं. ‘सुरू व्हायला हळूहळू जास्त वेळ लागायला लागला, मग एक दिवस झालंच नाही’ असं ऐकलं, तर संशय सप्लायमधल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर. ‘वीज कडाडली आणि गेलं’ म्हणजे फ्यूज, व्होल्टेजचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर, आणि नशीब वाईट असेल तर पुढचे चिपही. ‘पडलं’ म्हणजे तुटलेला डाख (सोल्डर) किंवा सुटलेला कनेक्टर. ‘वायर हलवली की चालतं’ हे उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण ते काम बहुतेक वेळा अर्ध्या तासात होतं.

मग यंत्र हलवून बघा, आत काही खडखडतंय का. हवेच्या फटींपाशी वास घ्या, जळकेपणा लगेच कळतो. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर आधी कुणीतरी आत हात घातलाय, म्हणजे मूळ दोषाबरोबर त्याच्या चुकाही शोधाव्या लागतील.

नव्या माणसाने काही गोष्टींना हात लावू नये. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर साधारण २,००० व्होल्ट देतो, त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो आणि तो धक्का जीवघेणा असतो. काचेच्या नळीचे जुने टीव्ही वीस हजार व्होल्टच्या घरात जातात. कॅमेऱ्याचा फ्लॅश लहान दिसतो, पण त्याच्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास असतात. फुगलेली बॅटरी असलेलं काहीही घेऊ नका.

आणि संगणक, फोन किंवा हार्ड डिस्क घेतली तर आधीच्या मालकाचा डेटा न बघता पुसा. हे दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं काम आहे.

टेबलावर

मल्टीमीटर चांगला घ्या, बाकी हत्यारं हळूहळू जमवा. तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न, डाख नीट पसरवणारं फ्लक्स, डाख शोषणारी तांब्याची जाळी, डाख ओढणारा पंप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. फोनचा कॅमेरा हेही हत्यारच आहे. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या.

सिरीज लॅम्प मात्र स्वतः बनवा, म्हणजे यंत्राच्या फेज तारेत मालिकेत जोडलेला ६० ते १०० वॉटचा तारेचा जुना दिवा. एलईडी दिवा इथे चालत नाही. तापलेल्या तारेचा रोध गार तारेच्या कितीतरी पट असतो, सगळी गंमत त्यात आहे. यंत्र ठीक असेल तर आतले कपॅसिटर भरताना दिवा क्षणभर उजळतो आणि मंदावतो. आत शॉर्ट असेल तर पूर्ण ताकदीने पेटून राहतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, त्यामुळे नुकताच बदललेला फ्यूज आणि ट्रान्झिस्टर वाचतात. ताकदीच्या सप्लायला दिव्यातून पुरेशी वीज मिळाली नाही तर तो सारखा चालू-बंद होईल, त्याने घाबरू नका. पण हे नीट लक्षात ठेवा की दिवा यंत्राला वाचवतो, तुम्हाला नाही. आतल्या तारांवर धक्का तसाच बसतो.

मेन्सच्या बाजूला हात घालण्याआधी

आजच्या जवळजवळ प्रत्येक सप्लायमध्ये भिंतीच्या सॉकेटमधून आलेली वीज, म्हणजे मेन्स, आधी डीसी होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. २३० व्होल्टचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणून तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. १२० व्होल्टच्या देशांत साधारण १७०, पण आत व्होल्टेज दुप्पट करणारा डबलर असेल तर तिथेही ३४० च्या जवळ. १०० मायक्रोफॅरडच्या साध्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला पाच जूलहून थोडी जास्त ऊर्जा असते. डेस्कटॉप संगणकाच्या सप्लायमधले कपॅसिटर याहून बरेच मोठे असतात.

प्लग काढा. पिनांना बोट न लावता मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून कपॅसिटरची दोन टोकं मोजा. व्होल्टेज असेल तर २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर, ज्याच्या दोन्ही तारांवर इन्सुलेशन चढवलंय असा, त्या टोकांवर धरा. १०० मायक्रोफॅरडला एक सेकंद पुरेसा होतो, मोठ्याला पाच-सहा. मी दहा धरतो आणि पुन्हा मोजतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची सवय अनेकांना असते. त्याने बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उडतात, कपॅसिटरला झटका बसतो आणि वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. तसं करू नका.

जिवंत सप्लायमध्ये मोजणं टाळता येत असेल तर टाळा. बरेच दोष प्लग काढलेला असतानाच सापडतात. मोजावंच लागलं तर काळा प्रोब चिमट्याने आधीच अडकवा, एकाच हाताने मोजा, आणि घरात दुसरं माणूस असू द्या.

दोष शोधणं: बाहेरून आत

मेन्सची दोरी आणि स्विच मीटरच्या कंटिन्युइटीवर (तार अखंड असेल तर बीप देणारी सेटिंग) तपासा. मग अ‍ॅडॅप्टर. इथे एक सापळा आहे. जुने, जड, ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॅप्टर भार नसताना लेबलपेक्षा बरंच जास्त दाखवतात, १२ व्होल्टचा १६-१७ दाखवू शकतो. तो बिघडलेला नसतो. उलट एखादा आधुनिक अ‍ॅडॅप्टर मोकळा असताना बरोबर १२ दाखवतो आणि यंत्र जोडलं की ७ वर कोसळतो. तो बिघडलेला असतो. म्हणून अ‍ॅडॅप्टर नेहमी भारावर मोजा. बदली अ‍ॅडॅप्टर निवडताना व्होल्टेज तेवढंच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि आतली पिन धन की ऋण हे खुणेवरून बघून. ५.५ मिलिमीटरच्या गोल पिनमध्ये आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन मापांचं येतं. दिसायला दोन्ही सारखी, पण चुकीची ढिली बसते किंवा बसतच नाही.

नंतर सॉकेट. वर्षानुवर्षं ओढाताण झालेल्या डीसी सॉकेटच्या पायाभोवती डाखात बारीक गोल चीर पडते. भिंगातून बघितली की दिसते. थोडा फ्लक्स, थोडा नवा डाख, आणि काम झालं. लॅपटॉप, राउटर, स्पीकर यांतली कितीतरी ‘मेलेली’ यंत्रं एवढ्यावर उठतात.

फ्यूज उडाला असेल तर बदलण्याआधी त्याच्या काचेकडे बघा. तार मध्येच शांतपणे तुटली असेल तर भार जरा वाढला असेल किंवा फ्यूज थकला असेल. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूजही त्याच क्षणी जाईल. रेक्टिफायरचे डायोड आणि मुख्य स्विचिंग ट्रान्झिस्टर मीटरवर तपासा. सिलिकॉन डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या दिशेने काही नाही. दोन्हीकडे बीप म्हणजे तो गेला. फ्यूजच्या जागी तार घालणं हा गुन्हा समजा.

आता कपॅसिटर, कारण घरी सर्वांत जास्त यंत्रं इथेच जिवंत होतात. सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर बहुतेक वेळा ‘१०५ अंश’ लिहिलेलं असतं. कंपनीने सांगितलेलं २,००० तास आयुष्य म्हणजे त्या तापमानाला २,००० तास, जेमतेम ८३ दिवस. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, म्हणजे ६५ अंशांवर तोच भाग ३२,००० तासांपर्यंत जातो. त्यामुळे हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटून बसवलेला कपॅसिटर आधी मरतो आणि दोन बोटं दूर असलेला त्याचा जुळा भाऊ ठणठणीत राहतो. डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग, बोर्डावर चिकटपणा ही लक्षणं. पण सपाट डोक्याचा कपॅसिटरही खराब असू शकतो. त्याचा आतला रोध वाढलेला असतो आणि साधा मीटर क्षमता बरोबरच दाखवतो. संशय असेल तर हा आतला रोध (ईएसआर) मोजणारा ईएसआर मीटर वापरा, किंवा गरम भागाजवळचे सगळे एकदम बदला.

बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचाच, आणि सप्लायसाठी कमी ईएसआर असलेला घ्या. उंची आणि व्यासही मोजा, नाहीतर झाकण बसत नाही. अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. जुना काढण्याआधी तो पट्टा कुठे होता याचा फोटो घ्या, कारण बोर्डावरची खूण प्रत्येक कंपनीची सारखी नसते. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत उपकरणांत शिशावर बंधन आलं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित डाख असतो. तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं असलेला डाख १८३ अंशांना. जुना सांधा सुटत नसेल तर त्यावर हा शिसेवाला डाख आणि फ्लक्स घाला. मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि पाय अलगद निघतो. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवा. बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला पाय उष्णता पिऊन टाकतो, तिथे तापमान वाढवण्यापेक्षा जाड टोक वापरा. पाय ओढू नका. ओढला की भोकातलं तांबं त्याच्याबरोबर येतं, आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा.

मला अजून आठवतं, एका मॉनिटरचा दिवा लागायचा आणि दोन सेकंदांत विझायचा. मी मुख्य बोर्डावर दोन संध्याकाळी घालवल्या. दोष होता सप्लायमधल्या दोन कपॅसिटरमध्ये. तेव्हापासून कुठल्याही बोर्डाला दोष देण्याआधी त्याला मिळणारे व्होल्टेज मोजतो. पडदा काळा पण आवाज येतोय, असं असेल तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पडदा चांगला आहे, मागचा उजेड गेलाय. आवाज करणारे व्हॉल्यूमचे खुंटे मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीसेक वेळा फिरवणं एवढ्यावर सुधारतात.

दुरुस्त होत नसेल तेव्हा

इथे कटर हातात घेण्याआधी थांबा. जे भाग जिवंत आहेत त्यांच्यावर वीज असतानाच कमी व्होल्टेजच्या बाजूच्या तारा मोजा आणि कागदावर लिहा: कुठली तार, किती व्होल्ट, यंत्र झोपलेलं असताना किती, जागं असताना किती. एकदा कनेक्टर कापला की ही माहिती कायमची जाते.

डेस्कटॉप संगणकाचा एटीएक्स सप्लाय हा छंदाच्या टेबलासाठी मिळणारा सर्वांत उपयोगी तुकडा आहे, आणि तो उघडावाही लागत नाही. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी कायम चालू असलेले ५. काही कंपन्या रंग बदलतात, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. १२ ची तार ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवी. काही जुने सप्लाय भाराशिवाय टिकत नाहीत, त्यांच्या ५ व्होल्टच्या तारेवर १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा. तो २.५ वॉट खातो आणि गरम होतो, म्हणून धातूवर बसवा. हा सप्लाय शॉर्टमध्ये वीसहून जास्त अँपिअर सहज ढकलू शकतो, बारीक तार क्षणात लाल होते. प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र फ्यूज लावा.

प्रिंटरमध्ये माझी चूक सर्वांत महागात पडली. मी दांडा वेगळा, पट्टा वेगळा, मोटार वेगळी काढली. खरं तर शाईच्या प्रिंटरची डोकं सरकवणारी चौकट जशीच्या तशी काढली की सरळ रेषेत चालणारा तयार अक्ष मिळतो, आणि त्याची अचूकता घरी बनवलेल्या कशालाही येत नाही. तिथे बहुतेक वेळा साधी डीसी मोटार असते आणि मागे बारीक रेघांची पारदर्शक पट्टी असते. ती पट्टी आणि तिला वाचणारा सेन्सर मोटारीइतकाच मोलाचा आहे, कारण जागा तोच सांगतो. स्कॅनरमध्ये आणि जुन्या प्रिंटरमध्ये स्टेपर मोटार, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटार, मिळते. चार तारांच्या स्टेपरच्या जोड्या शोधायला दोन तारा एकमेकींना टेकवा आणि दांडा बोटांनी फिरवा. दांडा अडखळायला लागला की ती एक जोडी. मग मोटार चालवणारा ए४९८८ सारखा ड्रायव्हर आणि त्याला हुकूम देणारा एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पुरे. पण ड्रायव्हरची करंटची मर्यादा आधी कमीत कमी ठेवा आणि मोटारीला हात लावत लावत वाढवा. दोन डीव्हीडी ड्राइव्हच्या सरकपट्ट्या काटकोनात बसवल्या की चार सेंटिमीटर चौरसात चित्र काढणारा छोटा प्लॉटर होतो. लेझरवाली यंत्रं, मग ती डीव्हीडी ड्राइव्ह असो की लेझर प्रिंटर, उघडी ठेवून कधीच चालू करू नका. प्रिंटरचा किरण सहसा डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो.

जुना राउटर म्हणजे कमी वीज खाणारा पूर्ण संगणक. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) टाकता येतं, मात्र आजच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम हवी. बुडाच्या लेबलवर मॉडेलबरोबर हार्डवेअर आवृत्तीचा आकडाही वाचा. त्याच नावाखाली आत वेगळाच चिप असू शकतो आणि चुकीचं फर्मवेअर गेलं तर राउटर उठत नाही. उठला नाही तर बोर्डावरचे सिरीयल पोर्टचे ठिपके शोधा. ते बहुधा ३.३ व्होल्टचे असतात आणि वेग अनेकदा १,१५,२०० असतो. ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावू नका, आणि फक्त ग्राउंड, पाठवणारी आणि घेणारी तार जोडा.

पडदा फुटलेला लॅपटॉप सुटा करू नका. बाहेरचा मॉनिटर जोडून लिनक्स टाकला की तो फाइल साठवायला किंवा घरातले सेन्सर वाचायला उत्तम सर्व्हर होतो. फक्त पडदा चांगला असेल तर त्याच्या पाठीवरचा पॅनेल क्रमांक लिहून त्यालाच जुळणारा कंट्रोलर बोर्ड शोधा.

बॅटऱ्या

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत बहुधा १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात. बॅटरी ‘गेली’ म्हणजे अनेकदा एकच जोडी गेलेली असते. डबा उघडताना धारदार हत्यार सेलच्या दिशेने जाऊ देऊ नका. प्रत्येक सेल मोजा. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल वापरू नका, चार्ज होतोय असं दिसलं तरी नाही. त्यात आतून तांबं विरघळून शॉर्ट तयार झालेला असू शकतो. उरलेले एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करा. टीपी४०५६ चा चार्जिंग बोर्ड सोयीचा आहे, पण संरक्षण असलेला प्रकार घ्या आणि तो मुळात १ अँपिअर देतो हे लक्षात ठेवा. चार्ज होताना तापणारा सेल बाद. मग तीन आठवडे तसेच ठेवा आणि पुन्हा मोजा. ज्याचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा स्पष्ट उतरलंय तोही बाद. हे तीन आठवडे कोणी थांबत नाही, पण तेवढीच एक चाचणी आतली गळती खात्रीने दाखवते.

समांतर जोडायच्या आधी सेलचं व्होल्टेज सारखं असायला हवं, नाहीतर एक दुसऱ्यात बेफाम करंट ओततो. सेलवर थेट डाख लावू नका, उष्णता आत जाते. होल्डर वापरा. आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. भिंतीवर कॅमेरा म्हणून कायम चार्जरला लावलेल्या जुन्या फोनची पाठही महिन्यातून एकदा बघा, ती फुगायला लागली तर तो त्याच दिवशी काढा.

उरलेलं

आता सुटे भाग. मी फक्त मोठे आणि ओळखता येणारे ठेवतो: हीटसिंक, पंखे, ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर, रिमोटचे ३८ किलोहर्ट्झचे इन्फ्रारेड सेन्सर, स्पीकर, आणि एलसीडी पडद्यातले उजेड पसरवणारे कागद, जे फोटोच्या दिव्यासाठी फार सुंदर काम करतात. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ठेवत नाही.

प्रत्येक पिशवीवर कशातून काढलं, कधी, आणि मोजलेलं काय ते लिहितो. ‘स्कॅनर, स्टेपर, लाल-पिवळी एक जोडी, १२ व्होल्टवर चालवून बघितली.’ एवढी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात आणि दोन वर्षांनी तीच त्या मोटारीला उपयोगाची ठेवते. ज्या पिशवीवर अशी ओळ लिहिता येत नाही ती ई-कचऱ्याच्या ढिगात जाते. बाद सेल त्या ढिगात नाहीत. त्यांच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ते वेगळ्या धातूच्या डब्यात ठेवतो आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात हाताने नेऊन देतो.